घेणे आणि बसवणे

मराठीत वस्तू घेणे निराळे आणि बसवणे निराळे. साडी घेतात, पुस्तक घेतात, छत्री घेतात. पण घट बसवतात, गणपती बसवतात, दाराला कडी बसवतात आणि मोडलेले हाड बसवतात. या 'बसवणे' क्रियापदात एक जबाबदारी दडलेली आहे. बसवलेली वस्तू हलता कामा नये, डगमगता कामा नये, आणि तिच्यापायी घरातल्या कोणाला इजा होता कामा नये, अशी मूक अट त्या शब्दाबरोबरच येते. घराच्या गच्चीवर सौर पॅनेल उभी करण्याच्या कामालाही आपण 'सोलर बसवणे' असेच म्हणतो. भाषेने आपले शहाणपण दाखवले. आता प्रश्न उरतो तो आपल्या शहाणपणाचा!

फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने घरगुती सौर विजेची 'पीएम सूर्यघर' योजना आणली आणि तीन किलोवॅटच्या संचाला ७८,००० रुपयांचे अनुदान ठरले. तेव्हापासून मध्यमवर्गीय दिवाणखान्यात सोलरची चर्चा मुलीच्या स्थळाइतक्या बारकाईने होऊ लागली आहे. संच किती किलोवॅटचा? महिन्याला युनिटे किती? बिल किती उतरेल? घातलेले पैसे किती वर्षांत सुटतील? यजमान कागदावर गुणाकार करतात, सूनबाई भ्रमणध्वनीवर तोच गुणाकार पडताळून पाहतात, आणि विक्रेता हसतमुखाने प्रत्येक प्रश्नाचे उत्तर देतो. एक प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही : ही पॅनेले जागच्या जागी धरून कोण ठेवणार? वीजनिर्मितीची हमी साधारणपणे २५ वर्षांची मिळते. याचा अर्थ असा, की खालच्या सांगाड्याला २५ पावसाळे काढायचे आहेत.

सांगाड्याचा विषय निघालाच, तर आजोबांची शंका ठरलेली असते : "एवढे वजन स्लॅबला झेपेल ना?" शंका रास्त आहे; मोडकळीस आलेल्या जुन्या इमारतीत ती अभियंत्याकडून फेडूनच घ्यावी. पण धडधाकट स्लॅबच्या बाबतीत खरी भीती उलट दिशेची आहे. आजचे मोठे पॅनेल साधारण सव्वादोन मीटर लांब, एक मीटरहून थोडे अधिक रुंद आणि सुमारे २८ किलो वजनाचे असते. तीन किलोवॅटसाठी अशी सहा लागतात. म्हणजे त्यांचा भार १७० किलोच्या आसपास. कोजागिरीला गच्चीवर याहून कितीतरी जास्त भार मसाला दूध पीत बसलेला असतो. पॅनेल खाली दबण्याची भीती थोडी. ते वर उडण्याची मोठी.

इमारतींवरील वाऱ्याच्या माऱ्यासाठी एक भारतीय मानक आहे, आयएस ८७५, भाग तिसरा. पन्नास वर्षांतून एखाद्या वेळी येऊ शकेल असा झोत त्यात धरलेला असतो. मुंबईसाठी तो सेकंदाला ४४ मीटर आहे, म्हणजे ताशी सुमारे १५८ किलोमीटर. पुण्यासाठी ३९ मीटर. मुंबईच्या आकड्याने वाऱ्याचा दाब काढला, तर चौरस मीटरला सव्वाशे किलोच्या जवळपास जातो. तिरप्या ठेवलेल्या अडीच चौरस मीटरच्या पॅनेलखाली असा वारा शिरला, तर ढोबळ हिशेबाने तीनशे किलोच्या घरातला जोर त्याला उचलू पाहील! वस्तूचे वजन २८ किलो आणि तिला उचलणारा जोर त्याच्या दसपट. गच्चीच्या कडांना आणि कोपऱ्यांना तर वाऱ्याची ओढ सर्वांत जास्त. म्हणून पॅनेले कठड्याला चिकटवू नयेत. ज्यांना हे पुस्तकी वाटेल, त्यांनी १३ मे २०२४ चा दिवस आठवावा. घाटकोपरला वादळी पावसात एक अवाढव्य जाहिरातफलक पेट्रोल पंपावर कोसळला आणि १७ माणसे दगावली. सपाट पृष्ठभाग आणि वारा यांचे वैर जुने आहे.

आपल्याकडे आणखी एक हौस आहे. सांगाडा चांगला आठ-दहा फूट उंच करून घ्यायचा. खाली सावली पडते, कपडे वाळतात, मुले खेळतात. हौस वाईट नाही. पण जितकी उंची, तितकी वाऱ्याची तरफ मोठी. अशा सांगाड्याला तिरपे आधार हवेत, पायाशी भक्कम काँक्रीटचे ठोकळे हवेत, आणि त्याचा आराखडा अभियंत्याने सही करून दिलेला हवा. 'आम्ही शेकडो बसवलेत, साहेब' हे वाक्य म्हणजे आराखडा नव्हे.

पाया म्हटला की आपल्या गच्चीचा स्वभाव ओळखावा लागतो. आपण जिच्यावर चालतो ती स्लॅब नसते. विटांच्या तुकड्यांचा कोबा असतो, आणि पाणी अडवण्याचे काम तो करतो. त्याच्यात सरळ छिद्रे पाडून बोल्ट ठोकले, तर दोन्ही बाजूंनी तोटा : कोब्यात बोल्टाची पकड राहत नाही आणि पाण्याला मात्र वाट मिळते. आमच्या परिचयाच्या एका कुटुंबाला याचा प्रत्यय पहिल्याच पावसाळ्यात आला. विजेचे बिल शून्यावर आले आणि बाळंतिणीच्या खोलीत बादली ठेवावी लागली. बिल वाचले, ते गळती काढणाऱ्याच्या खिशात गेले. म्हणून एकतर वजनदार ठोकळ्यांवर हिशेबाने सांगाडा तोलावा, नाहीतर स्लॅबपर्यंत नीट पोचून त्याभोवती जलरोधक थर पुन्हा घालून घ्यावा. लोखंड असेल तर ते जस्ताच्या रसात बुडवून काढलेले हवे. जागेवर कापून जोड दिला, की तेथले जस्त जाते आणि गंज नेमका तेथूनच शिरतो. कोकणच्या खाऱ्या हवेत तर त्याला वर्षाचीही सवड लागत नाही. तेथे ॲल्युमिनियमचा सांगाडा आणि गंजरोधक पोलादाचे बोल्ट यांचा खर्च सार्थकी लागतो.

आता विजेकडे वळू. घरातला दिवा बटण दाबले की विझतो. सूर्याला बटण नाही. सहा पॅनेले एकामागे एक जोडली, की भर उन्हात त्या तारांमध्ये तीनशे व्होल्टच्या आसपास दाब तयार असतो. खाली इन्व्हर्टर बंद केला तरी तारांतला हा दाब दिवसा जात नाही. शिवाय ही वीज एकाच दिशेने वाहणारी. घरातला प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे त्याची ठिणगी विझायला संधी मिळते. पॅनेलच्या प्रवाहाची ठिणगी पेटली, की पेटतच राहते. चालू प्रवाहात जोड ओढून सोडवू नये, दोन निराळ्या बनावटीचे जोड एकमेकांत दामटू नयेत, तारा प्लास्टिकच्या साध्या पट्टीने बांधून उन्हात लोंबकळत ठेवू नयेत, अशा सूचना देतात त्या यासाठीच. ढिला जोड तापतो, आणि गच्चीवर तो तापताना पाहायला कोणी नसते. सांगाड्याला आणि पॅनेलांच्या चौकटींना अर्थिंग हवे, आकाशातली वीज जमिनीत नेणाऱ्या तडितरोधकाला त्याचे स्वतंत्र अर्थिंग हवे, आणि प्रवाह तोडण्याचा स्विच कोठे आहे हे घरातल्या मोठ्या माणसांना ठाऊक हवे. दुर्दैवाने कधी आग लागलीच, तर अग्निशामक दलाला पहिले वाक्य हेच सांगावे, की गच्चीवर सोलर आहे.

गावातली वीज गेली की घरचे सोलरही बंद पडते, याची अनेकांना चीड येते. पण बॅटरीशिवायच्या संचात ती रचनाच तशी आहे. खांबावर चढलेल्या वायरमनला तार निर्जीव आहे असे वाटत असताना आपल्या गच्चीवरून तीत वीज जाऊ लागली, तर? आपल्या घरातला तो अंधार कोणाच्या तरी जिवाची राखण करीत असतो.

आणि जिवाचाच विषय निघाला आहे, तर या कामात सर्वांत जास्त धोका पत्करणाऱ्या माणसाविषयी बोललेच पाहिजे. गच्चीच्या काठावर किंवा पत्र्याच्या छपरावर २८ किलोची काच पेलत उभा असलेला विशीतला मुलगा! वारा आला की त्याच्या हातातले पॅनेल शिडासारखे भरते. आपण त्याला चहा देतो, पाणी विचारतो. आपल्या संस्कृतीत ते बसते. पण 'तुझा पट्टा कुठे आहे? दोर कशाला बांधलास?' असे विचारणारा यजमान विरळा. उलट, 'दिवाळीच्या आत चालू करून द्या हं' अशी घाई आपणच करतो, आणि त्या घाईपायी मुले ओल्या छपरावर चढतात. वारा असेल, पाऊस पडून गेला असेल, तर काम उद्यावर ढकलावे. ज्या कंत्राटदाराच्या माणसांजवळ पट्टा आणि दोर नाही, त्याला जिन्यावरूनच परत पाठवावे. दरपत्रकात या साधनांसाठी दोन पैसे जास्त दिसले, तर घासाघीस करू नये. आपल्या घरात प्रकाश यावा म्हणून कोणाच्या घरात अंधार होणे, हा हिशेब कोणत्याच युनिटात बसत नाही.

दिवाळीपूर्वी आपण माळ्यावरची भांडी काढतो, जळमटे काढतो, पितळेला चिंच लावतो. पॅनेले असतील त्यांनी दरवर्षी त्याच सुमारास बसवणाऱ्याला बोलावून गच्चीवर एक फेरी मारावी. बोल्ट ढिले झाले आहेत काय, कोठे गंज धरला आहे काय, तारेचे आवरण तडकले आहे काय, शेजारच्या झाडाची नवी फांदी पॅनेलावर सावली टाकते काय, एवढे पाहावे. काचा धुवायच्या त्या सकाळी लवकर. तापल्या काचेवर गार पाणी ओतू नये आणि पॅनेलावर पाय तर कधीच देऊ नये.

सूर्य कोणालाच विकत घेता येत नाही. तो उगवतो आणि सर्वांना सारखा देतो. आपल्या हाती आहे ते फक्त नीट बसवणे. यंदाच्या दिवाळीत ज्यांच्या गच्चीवर सोलर येणार आहे, त्यांनी किंमत विचारण्यापूर्वी बोल्ट विचारावा, आणि बोल्ट विचारण्यापूर्वी तो आवळणाऱ्या मुलाचा दोर पाहावा.