लोणच्याची बरणी आणि पेस्तोची बरणी

बेसिलची ताजी पाने, लसूण, चिलगोजे, चीज, मीठ आणि ऑलिव्ह तेल खलबत्त्यात कुटून केलेली पेस्तो ही इटलीतील जेनोवाची हिरवी चटणी. आता ती मराठी स्वयंपाकघरांतही होऊ लागली आहे. ज्याचे बी फालुद्यात सब्जा म्हणून घालतात, तेच हे बेसिलचे झाड. ते कुंडीत सहज वाढते. चिलगोजे महाग म्हणून त्यांच्या जागी अक्रोड किंवा शेंगदाणेही चालतात. ताजा पाला पोटात जातो, हे चांगलेच आहे. काळजीचा प्रश्न येतो तो उरलेल्या चटणीचा.

लोणच्यावर तेलाचा थर असला की ते वर्षभर टिकते, हे घरोघरी ठाऊक असते. त्याच भरवशावर पेस्तोवर तेल ओतून बरणी ओट्यावर ठेवली जाते. पण लोणचे केवळ तेलामुळे टिकत नाही. त्याला कैरी-लिंबाची आंबट आणि भरपूर मीठ राखते. पेस्तोत मीठ चवीपुरते असते आणि आंबटपणा जवळजवळ नसतो. लिंबू पिळले तरी पुरेशी आम्लता आलीच, अशी खात्री देता येत नाही.

तेल हवा अडवते, आणि नेमके तेच क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूला हवे असते. त्याचे बीजाणू मातीत असतात. लसूण आणि पाल्यासोबत ते घरात येतात आणि साध्या धुण्याने पूर्ण जात नाहीत. हवा नाही, आम्ल नाही आणि वर खोलीतील ऊब, अशा स्थितीत ते रुजतात आणि विष तयार करतात. त्या विषाला वास नसतो, चवही नसते. शिजवल्याने ते नष्ट होते. पण पेस्तो न शिजवताच खातात. १९८५ मध्ये कॅनडातील व्हँकुव्हर येथे शीतकपाटाबाहेर ठेवलेल्या, तेलातील चिरलेल्या लसणामुळे ३६ जणांना बोट्युलिझम झाला होता.

हा आजार दुर्मीळ आहे, पण झाला तर श्वास थांबवू शकतो. एकाची दोन दिसणे, पापण्या जड होणे, बोलताना जीभ अडखळणे, घास गिळता न येणे ही लक्षणे दिसताच रुग्णालय गाठावे आणि काय खाल्ले ते डॉक्टरांना सांगावे. उपचारात वेळेला फार महत्त्व असते.

म्हणून पेस्तो सोडण्याचे कारण नाही. एका जेवणापुरतीच करावी. उरली तर लगेच फ्रीजमध्ये ठेवून तीन-चार दिवसांत संपवावी. जास्त असेल तर बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवावी; लागेल तेवढी वडी काढता येते. ओट्यावर राहून गेलेली बरणी मात्र चाखूनही पाहू नये, थेट टाकून द्यावी. महागडे तेल वाया गेल्याची हळहळ वाटेल, पण जिवापुढे तिची किंमत काहीच नाही.