गाडी पिते, पण तिला पाजली कुणी?

परवा आमच्या दहावीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फोटो पडला. आमचा एक वर्गमित्र अमेरिकेत, टेक्सासला असतो. त्याच्या घराचं छप्पर दुरुस्त करायला जो माणूस आला होता, त्याच्या पिकअपचा फोटो. 1990 च्या दशकातली गाडी, जवळपास सहा लिटरचं व्ही-8 पेट्रोल इंजिन, मागं हौद्यात शिड्या आणि अवजारं. खाली मित्रानं लिहिलं होतं, "ॲव्हरेज विचारू नका. गॅलनला 12 मैल."

एकानं लगेच हिशेब केला, लिटरला पाच किलोमीटर. झालं, ग्रुप पेटला. "माजलेत लेकाचे." "यांच्यामुळंच आपल्याकडं पेट्रोल शंभरच्या वर." "असल्या गाड्या जप्त करून भंगारात घातल्या पाहिजेत."

मी तिथं काही बोललो नाही. रात्री अकराला ग्रुपवर वाद घालून आजवर कुणाचं भलं झालेलं नाही. पण विषय डोक्यातून जाईना, म्हणून इथं सविस्तर लिहितोय. लांब आहे, पण शेवटपर्यंत वाचा, कारण शेवट आपल्या मोंढ्यात येणार आहे.

राग चुकीचा नाही. जगाच्या लोकसंख्येत अमेरिकेचा वाटा साधारण 4 टक्के आणि जगातल्या तेलाच्या वापरात सुमारे एक पंचमांश. आपण 85 टक्क्यांहून जास्त कच्चं तेल बाहेरून आणतो. तिकडच्या मागणीचा चटका इकडच्या पंपावर बसतो, हे खरंच आहे. पण रागाचा पत्ता चुकलाय. तो छपरवाल्याच्या दारात गेला. तो जायला हवा होता वॉशिंग्टनला.

आधी इंजिनाचं बघू. व्ही-8 म्हणजे आठ सिलिंडर, चार-चारच्या दोन ओळी, इंग्रजी व्ही अक्षरासारख्या एकमेकींना कोन करून बसवलेल्या. ॲव्हरेज खराब होतं ते या आकारामुळं नाही. खराब होतं इंजिन नको तेवढं मोठं असल्यामुळं. तीन टनांचा ट्रेलर ओढायला जी ताकद लागते, तीच ताकद सोबत घेऊन ही गाडी बहुतेक वेळा रिकामी, एका माणसाला घेऊन फिरते. पेट्रोल इंजिनात हलक्या कामाला थ्रॉटलची झडप जवळजवळ मिटलेली असते. म्हणजे एवढं मोठं इंजिन नाक दाबून श्वास घेत असतं. त्यातच बरीच ताकद वाया जाते. शिवाय आठ पिस्टनची घासाघास, दोन टनांच्या वरचं स्वतःचं वजन, भिंतीसारखा उभा पुढचा भाग आणि त्या काळचा चारच गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. मग पाच-सहाचं ॲव्हरेज येणार नाही तर काय होणार?

वय झालं की त्यात भर पडते. सायलेन्सरच्या नळीतला ऑक्सिजन सेन्सर मंदावला की इंजिनाला नीट कळत नाही आणि ते गरजेपेक्षा जास्त पेट्रोल ओढतं. थर्मोस्टॅट उघडाच अडकला की इंजिन नीट तापत नाही. ब्रेक चिकटतो, टायरमधली हवा कमी राहते. अमेरिकेचं ऊर्जा खातंच सांगतं की बिघडलेला ऑक्सिजन सेन्सर बदलल्यावर ॲव्हरेज 40 टक्क्यांपर्यंत सुधारू शकतं. म्हणजे म्हाताऱ्या गाडीचा थोडाफार दोष मिस्त्रीच्या हातानं दुरुस्त होणारा असतो. पण मूळ दोष कारखान्यातून आलेला. आणि तो कारखान्यात आला कायद्यामुळं.

तालुक्याला वीस वर्षं बातम्या करून मी एक गोष्ट शिकलोय. सगळे मिळून दोष शेवटच्या माणसावर ढकलत असले, की समजायचं वर कुठंतरी एक फाइल आहे. ती फाइल आता उघडू.

1973 ला अरब देशांनी तेल रोखलं. अमेरिकेत पंपांवर रांगा लागल्या. तेव्हा 1975 च्या डिसेंबरात तिथं कायदा झाला, की प्रत्येक कंपनीनं आपल्या गाड्यांचं सरासरी ॲव्हरेज ठरलेल्या आकड्याच्या वर ठेवायचं. मोटारींसाठी 1985 पर्यंतचं लक्ष्य होतं गॅलनला 27.5 मैल, म्हणजे लिटरला साधारण पावणेबारा किलोमीटर. चांगला कायदा. पण त्यात एक खिडकी उघडी राहिली. 'हलके ट्रक' वेगळे काढले. कारण काय, तर ही शेतकऱ्याची, कामकऱ्याची गाडी. त्यांचं लक्ष्य कमी. 1996 ते 2004 या सगळ्या वर्षांत ते होतं 20.7 मैल, म्हणजे लिटरला पावणेनऊच्या आसपास. तेही प्रयोगशाळेतलं. रस्त्यावर त्याहून कमीच.

आणि सलग इतकी वर्षं आकडा हलला कसा नाही? कारण 1990 च्या दशकाच्या मध्यापासून काही वर्षं तिथल्या संसदेनं खर्चाच्या विधेयकातच अट घातली, की हे मानक वाढवण्याच्या कामावर सरकारी खात्यानं पैसा खर्च करायचा नाही. म्हणजे नियम ठेवायचा, पण नियम सुधारणाऱ्याचा हात बांधायचा. ही युक्ती आपल्या नगरपालिकेलाही माहीत आहे. आमच्या मित्राच्या दारात उभी असलेली गाडी नेमकी याच काळातली.

अजून आहे. 1978 ला तिथं जादा पेट्रोल पिणाऱ्या गाड्यांवर वेगळा कर बसवला. 22.5 मैलांच्या खाली ॲव्हरेज असेल तर कर, आणि सगळ्यात खादाड गाडीला तो पुढं 7,700 डॉलरपर्यंत गेला. पण फक्त मोटारींना. पिकअप वगळल्या. ज्या जातीच्या गाड्या सगळ्यात जास्त पितात, नेमक्या त्याच बाहेर!

आणखी पुढं. माल धरून एकूण वजन 8,500 पौंडांच्या, म्हणजे साधारण 3,850 किलोच्या वर गेलं, की त्या मोठ्या पिकअपला हे मानकच लागू नव्हतं. 2014 च्या मॉडेलपर्यंत हे असंच चाललं. काचेवर ॲव्हरेजचा सरकारी कागद लावायचीही सक्ती नाही. म्हणजे गाडी जितकी जास्त पिणार, तितकं तिचं पिणं झाकलेलं.

आणि बाहेरून छोट्या, कमी पिणाऱ्या पिकअप आल्या असत्या तर? त्यालाही बंदोबस्त होता. 1960 च्या दशकात युरोपनं अमेरिकी कोंबड्यांवर कर वाढवला. बदला म्हणून अमेरिकेनं 1964 पासून बाहेरून येणाऱ्या हलक्या ट्रकवर 25 टक्के कर बसवला. भांडण कोंबडीचं, शिक्षा ट्रकला. त्या भांडणातले बाकीचे जादा कर पुढं गेले, ट्रकवरचा राहिला. मोठ्या पिकअपला घरच्या अंगणात धाक असा उरलाच नाही. मग कंपन्यांनी तीच गाडी चकचकीत करून शहरातल्या नोकरदाराला विकली. कामकऱ्याच्या नावानं मिळालेली सवलत ऑफिसला जाणाऱ्यानं वापरली.

आता मला सांगा, यात छपरवाल्याचं काय चुकलं? ती गाडी नवी असताना त्यानं घेतलेली नाही. पहिल्यानं मिरवली, दुसऱ्यानं वापरली आणि ॲव्हरेज परवडेना तेव्हा विकली. शेवटी स्वस्तात मिळाली म्हणून यानं घेतली. गाडी स्वस्त, पण पेट्रोलचं बिल महाग. चैन पहिल्या मालकाची आणि हप्ता शेवटच्या मालकाचा, असा हा व्यवहार आहे.

"मग नवी घ्यावी की त्यानं!" असंही कुणीतरी ग्रुपवर म्हणालं. हिशेब करू. वर्षाला 10,000 मैल आणि 12 चं ॲव्हरेज धरलं तर 833 गॅलन. नवी पिकअप 20 देते असं धरलं तर 500 गॅलन. बचत 333 गॅलन. गॅलनला सव्वातीन डॉलर धरले तर वर्षाला साधारण 1,080 डॉलर वाचतात. आणि मोठी नवी पिकअप चाळीस हजार डॉलरच्या पुढं. नुसत्या पेट्रोलच्या बचतीतून ती फिटायला पस्तीस-चाळीस वर्षं लागतील, व्याज सोडून. जुनी गाडी चालवणारा वेडा नाही. त्याचं गणित आपल्यापेक्षा पक्कं आहे.

2009 ला सरकारनं या गाड्या काढायची मोठी योजना आणली. तीन अब्ज डॉलर. 18 मैल किंवा त्याहून कमी देणारी जुनी गाडी द्या, 3,500 ते 4,500 डॉलरची सूट घ्या. पावणेसात लाखांच्या आसपास गाड्या जमा झाल्या. त्यांच्या इंजिनात रसायन ओतून ती कायमची जाम केली, परत कुणी वापरू नये म्हणून. ऐकायला झकास. पण अट काय? सूट फक्त कोरी नवी गाडी घेणाऱ्याला. म्हणजे ज्याच्याकडं नवीची ऐपत त्याला सरकारी पैसा. ज्याची ऐपत सेकंड हँडपुरतीच, त्याला काहीच नाही. उलट त्याच्या बाजारातल्या लाखो गाड्या आणि त्यांची इंजिनं तेवढी कमी झाली. आणि मोठ्या पिकअपच्या बदल्यात मोठी पिकअप घेतली, तर ॲव्हरेजमध्ये फक्त एका मैलाची सुधारणासुद्धा सूट मिळायला पुरेशी होती!

खरं सांगायचं तर खालच्या टोकाला एक-दोन मैलांची सुधारणा क्षुल्लक नसते, हेही कबूल करतो. हे गणित आपण नेहमी चुकतो म्हणून नीट बघा. 10,000 किलोमीटरला 5 चं ॲव्हरेज म्हणजे 2,000 लिटर, 6 चं म्हणजे 1,667 लिटर. वाचले 333 लिटर. आता 20 ची गाडी 25 वर नेली, तर 500 चे 400. वाचले फक्त 100. म्हणजे पाचची सहा करणं हे वीसची पंचवीस करण्यापेक्षा तिप्पट फायद्याचं. मग खरी योजना कोणती असायला हवी होती? शेवटच्या मालकाला सेन्सर, टायर, ट्यूनिंगला मदत, आणि गाडी सोडायची असेल तर चांगलं ॲव्हरेज देणारी जुनी गाडी घ्यायलाही पैसे. आणि वर, कारखान्याच्या दारात, कडक नियम. झालं उलटंच. 2006-07 च्या सुमाराला चालताना निम्मे सिलिंडर बंद ठेवणारी व्ही-8 इंजिनं पिकअपमध्ये आली. म्हणजे सुधारणा जमत होती. आणि 2025 च्या जुलैत झालेल्या कायद्यानं तर मानक न पाळणाऱ्या कंपनीचा दंडच शून्यावर आणला. कायदा भिंतीवर, दंड शून्य!

आता आपल्या मोंढ्यात या.

पहाटे भाजी, दूध, हळद, सोयाबीन घेऊन येणाऱ्या पिकअप आणि छोटे हत्ती बघा. निम्म्याहून जास्त मालक दुसरे-तिसरे. आपल्याकडं कंपन्यांच्या सरासरीचे नियम 2017-18 आणि 2022-23 अशा दोन टप्प्यांत आले, पण ते प्रवासी गाड्यांसाठी. साडेतीन टनांपर्यंतच्या मालवाहू पिकअपला ते नव्हते. कामकऱ्याची गाडी म्हणून बाजूला काढली, अगदी अमेरिकेसारखी. आणि प्रवासी गाड्यांच्या नियमातही कंपनीच्या गाड्यांचं सरासरी वजन वाढलं की लक्ष्य सैल होतं. जड गाडीला सवलत. हीच ती खिडकी.

स्क्रॅपिंगचं धोरण 2021 ला आलं. जुनी गाडी मोडीत काढली तर धंद्याच्या गाडीला रस्ता करात 15 टक्क्यांपर्यंत सूट. पण कशावर? नव्या गाडीवर. जो नवी घेऊच शकत नाही, त्याच्या वाट्याला काय? पंधरा वर्षांनंतर पासिंगची वाढलेली फी.

जुनी गाडी धूर सोडत फिरू द्या, असं मी म्हणत नाही. सोडू नये. पण दंडाची पावती फाडताना क्रम ठेवा. आधी कारखाना, मग पहिला मालक, शेवटी मोंढ्यातला तिसरा मालक. आज हा क्रम उलटा आहे.

म्हणून मागणी साधी आहे. पिकअपला ॲव्हरेजचे नियम लावा आणि त्यात वजनाची पळवाट ठेवू नका. मालवाहू गाडीचं भरल्या मालासकटचं ॲव्हरेज शोरूममध्ये मोठ्या अक्षरात लिहा. आणि जुन्या गाडीच्या मालकाला फक्त भंगाराचा रस्ता दाखवू नका, दुरुस्तीलाही हात द्या. आपले खासदार-आमदार गावात आले की सत्काराच्या आधी हे विचारा. मी विचारणार आहे, आणि उत्तर मिळालं तर इथंच टाकेन.

आणि ग्रुपवरच्या मित्रांनो, त्या छपरवाल्याला माजलेला म्हणू नका. तो पाचच्या ॲव्हरेजमध्ये घर चालवतोय. माज ज्यांचा होता, ते कधीच नव्या गाडीत बसून पुढं निघून गेलेत.

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर खाली लिहा, पण हिशेबासकट लिहा.