पाचट पेटतं, घर खोकतं

दिवाळीचा फराळ संपतो न संपतो तोच आमच्या कृष्णाकाठी उसाचा हंगाम सुरू होतो. मग सकाळी अंगणात सडा घालायला गेलं, की समोरचं घरसुद्धा नीट दिसत नाही. सासूबाई म्हणतात, "थंडीचं धुकं हाय गं ते. उन्हं वर आली की जाईल." पण मैत्रिणींनो, धुक्याला कधी जळका वास येतो का? धुक्यामुळे दोरीवरच्या धुतलेल्या साड्यांवर काजळीचे काळे धागे पडतात का? तो धूर आहे, आणि तो आपल्याच रानातला आहे.

ऊस तुटून गेला, की हेक्टरी साधारण आठ ते दहा टन पाचट मागे उरतं. संध्याकाळी त्याला काडी लावायची, की रान मोकळं! त्यात नदीकाठच्या वीटभट्ट्याही याच दिवसांत पेटलेल्या असतात. उन्हाळ्यात असला धूर वर निघून जातो. थंडीत मात्र रात्री जमीन लवकर गार होते. तिच्यालगतची थंड, जड हवा खाली बसते आणि वर उबदार हवेचा थर येतो. पातेल्यावर ताटली झाकावी, तसा धूर गावावर कोंडून राहतो.

या धुरातले सर्वात घातक कण, ज्यांना पीएम २.५ म्हणतात, ते आपल्या केसाच्या जाडीच्या तिसाव्या भागाइतके बारीक असतात. नाकातले केस त्यांना अडवू शकत नाहीत, ते थेट फुफ्फुसात उतरतात. चोवीस तासांच्या सरासरीत हे कण एक घनमीटर हवेत ६० मायक्रोग्रॅमच्या वर नसावेत, असं आपलं सरकारी मानक सांगतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये तर ही मर्यादा १५ वर आणली. २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात सांगली आणि कोल्हापूर ही शहरं आहेत. पण धूर निघतो तो आमच्यासारख्या गावांतून, आणि इथली हवा मोजायला साधं यंत्रही नाही.

गेल्या हंगामात आमच्या बचत गटाची एक सदस्य सलग दोन बैठकांना आली नाही. घरी जाऊन पाहिलं, तर तिची चार वर्षांची मुलगी रात्रभर धापा टाकत होती. वाफ देण्याचं यंत्र उशाशीच होतं. "वहिनी, मागचं रान पेटवलं त्या रात्रीपासून असंच आहे," ती खाली बघत म्हणाली. ते रान आमचं होतं! इतकी वर्षं बायकांना स्वच्छतेचे धडे देणारी मी, काय उत्तर देणार?

घरी विषय काढला. हे म्हणाले, "पाचट ठेवलं तर सरीतून पाणी जात नाही, खोडव्याला फुटवा येत नाही, उंदीर होतात. आणि पाचट पसरायला माणसं कुठं मिळतात?" अडचणी खोट्या नाहीत. पण त्यांवर उपाय आहेत. बुडखे जमिनीलगत छाटायचे, पाचट सरीआड सरी दाबायचं किंवा ट्रॅक्टरच्या यंत्राने त्याची कुट्टी करायची. मग दर टन पाचटाला आठ किलो युरिया, दहा किलो सुपर फॉस्फेट आणि एक किलो कुजवणारे जिवाणू टाकून पाणी द्यायचं. पुढच्या काही महिन्यांत त्याचं खत होतं, ओल टिकते आणि तणही कमी उगवतं. तण कमी म्हणजे भांगलण कमी. आणि भांगलायला वाकतं कोण? आपणच ना!

बरीच वादावादी होऊन अखेर एका एकरावर तडजोड झाली. त्या एकरात भांगलणीची एक पाळी वाचली. यंदा दुसऱ्या एकरासाठी मला फारसं भांडावं लागलं नाही.

२०१६ मध्ये उज्ज्वला योजना आली, तेव्हा चुलीचा धूर हा बाईच्या आरोग्याचा प्रश्न आहे, हे सरकारनेही मानलं. मग रानातल्या धुराबद्दल आपण गप्प का? रात्री लेकराला छातीशी धरून आपण बसतो, सासूबाईंचा काढा आपण उकळतो. फडाशेजारी कोपीत राहणारी ऊसतोडणीची बाई तर तान्ह्या बाळासह त्याच धुरात झोपते. सात-बारावर आपलं नाव नसेल, पण श्वास तर आपला आहे!

ग्रामसभेआधी महिलांची सभा घेणं आपल्या राज्यात कायद्याने बंधनकारक आहे. बऱ्याच गावांत ती सह्यांपुरतीच उरते. हंगामाआधीच्या सभेला यंदा जरूर जा. पाचटाची कुट्टी करणारं यंत्र पंचायतीने किंवा सोसायटीने भाड्याने द्यावं, दवाखाना-शाळा-अंगणवाडीजवळचं रान कुणी पेटवू नये, हे ठराव मांडा आणि वहीत लिहूनच घ्या.

आणि त्याआधी घरात बोला. काडी लावणारा हात बहुतेक वेळा आपल्याच घरातला असतो.