विनिमय कीं निर्यात?

गेल्या महिन्यांत रत्नागिरींतील एका सत्कारसमारंभास आम्ही उपस्थित होतों. गांवांतील एक हुशार विद्यार्थी उच्च शिक्षणासाठीं जर्मनीस निघाला होता. शाल झाली, श्रीफळ झालें, आणि एकामागून एक चार वक्त्यांनीं 'ज्ञानाची आंतरराष्ट्रीय देवाणघेवाण' या विषयावर भाषणें केलीं. शेवटीं मागच्या रांगेंतील एका वृद्ध निवृत्त शिक्षकांनीं उभे राहून विचारलें, "आपला मुलगा तिकडे चालला, ही आनंदाची गोष्ट आहे. पण तिकडून इकडे कोण येणार?" सभेंत हंशा पिकला. अध्यक्षांनीं मास्तरांच्या विनोदबुद्धीचें कौतुक केलें, आणि आभारप्रदर्शन होऊन चहापान सुरू झालें. मास्तर मात्र हंसले नव्हते. त्यांचा प्रश्न विनोदाचा नव्हताच. आणि ज्यांना तो विनोदाचा वाटला त्यांच्याशीं, म्हणजे आपल्या सुशिक्षित मध्यम वर्गाशीं व त्या वर्गांतीलच आमच्या स्वतःशींही, आम्हांस आज चार शब्द बोलावयाचे आहेत.

देवाणघेवाण हा शब्द आपल्या भाषेंत जोडीनें जन्मास आला आहे. ज्या व्यवहारांत माल एकाच दिशेनें जातो, त्यास कोणताही व्यापारी देवाणघेवाण म्हणणार नाहीं. तो त्यास निर्यात म्हणेल. निर्यातीची संवय कोंकणास फार जुनी आहे. प्रथम आपण चाकरमानी मुंबईस पाठविला व त्याच्या मनिऑर्डरीची वाट पाहिली. मग आंब्याच्या पेट्या पाठविल्या. आतां कर्ज काढून मुलें परदेशीं पाठवितों. यांत लज्जास्पद असें कांहीं नाहीं. पोटासाठीं किंवा विद्येसाठीं मनुष्यानें घर सोडावें हें योग्यच आहे. आमचा आक्षेप जाण्यावर नाहीं. या एकमार्गी प्रवासास विनिमयाचें भारदस्त नांव देऊन त्यांतील अर्धें कर्तव्य आपण सोयिस्करपणें विसरलों, यावर आमचा आक्षेप आहे.

खरा विद्याविनिमय कशास म्हणतात तें पाहावयाचें असल्यास युरोपांतील विद्यापीठांकडे दृष्टि टाकावी. १९५८ च्या सुमारास सोफिया कोर्रादी नांवाची एक इटालियन विद्यार्थिनी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत कायद्याचा अभ्यास करून रोमला परतली. तेथील अभ्यास आपल्या घरच्या पदवींत धरला जावा, एवढीच तिची विनंती होती. रोमच्या विद्यापीठानें ती धुडकावून लावली. दुसरी एखादी हळहळून गप्प बसली असती. या बाईंनीं पुढें वर्षानुवर्षें त्याच एका गोष्टीचा पाठपुरावा केला. अखेर १९८७ मध्यें 'इरॅस्मस' ही योजना सुरू झाली. पहिल्या वर्षीं अकरा देशांतील ३,२४४ विद्यार्थ्यांनीं तिचा लाभ घेतला. आज विद्यार्थी, शिक्षक व उमेदवार मिळून ही संख्या दीड कोटीच्या वर गेली आहे.

या योजनेचें मर्म तिच्या खर्चांत नाहीं, तिच्या रचनेंत आहे. बाहेर गेलेला विद्यार्थी आपल्याच विद्यापीठाचा राहतो. यजमान विद्यापीठ त्याच्याकडून शिकवणीची फी घेत नाहीं, कारण त्याचेही विद्यार्थी बाहेर गेलेले असतात. परत आल्यावर तेथें केलेला अभ्यास श्रेयांकांच्या रूपानें घरच्या पदवींत जमा होतो, आणि पूर्ण वर्षाचे श्रेयांक साठ हें माप सर्वत्र एकच असतें. कोणीही कोणावर उपकार करीत नाहीं, कोणीही कोणाचें गिऱ्हाईक नसतो. एकाच शतकांत दोनदां एकमेकांचे गळे कापणाऱ्या राष्ट्रांनीं हें घडवून आणलें, ही गोष्ट विसरतां कामा नये.

ही योजना निर्दोष आहे असें आम्ही म्हणत नाहीं. अनुदान बहुधा अपुरें पडतें, त्यामुळें सुखवस्तु घरांतील मुलांना ती अधिक सोयीची ठरते. आणि परदेशीं जाऊनही आपल्याच देशबांधवांच्या घोळक्यांत सत्र घालविणारे विद्यार्थी तेथेंही आहेत. परंतु जाणें आणि येणें हीं एकाच व्यवहाराचीं दोन अंगें आहेत, हें तत्त्व तिनें सोडलें नाहीं. ब्रिटन युरोपीय संघांतून बाहेर पडलें तेव्हां त्यानें ही योजनाही सोडली, आणि २०२१ मध्यें ट्युरिंग या गणितज्ञाच्या नांवानें स्वतःची निराळी योजना काढली. तींत आपलीं मुलें बाहेर पाठविण्यास पैसा होता, बाहेरचीं आणण्यास नव्हता. पुढें इरॅस्मसमध्यें परतण्याचा निर्णय त्याच देशानें घेतला. ज्यांच्या विद्यापीठांचीं नांवें ऐकून आपण हात जोडतों, त्यांनाही एका हातानें टाळी वाजवितां आली नाहीं.

हा विचार आपणांस परका आहे काय? मुळींच नाहीं. गेल्या दीडशें वर्षांतील महाराष्ट्राच्या विद्येचा इतिहास पाहिला तर त्यांतील उत्तम भाग असल्याच दुहेरी रहदारींतून निर्माण झालेला दिसेल. १८६३ मध्यें ब्यूलर मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजांत आले, १८६६ मध्यें कीलहॉर्न पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत आले. हे जर्मन पंडित येथें शिकवावयास आले होते. पण कीलहॉर्न पुण्याच्या शास्त्र्यांपुढें बसून व्याकरण शिकले, आणि त्यांनीं संपादिलेलें पतंजलीचें महाभाष्य आजही अभ्यासकांच्या हातीं असतें. उलट दिशेनें, तेव्हांच्या रत्नागिरी जिल्ह्यांतील मालवणास जन्मलेले व रत्नागिरीच्या शाळेंत शिकून पुढें तेथेंच मुख्याध्यापक झालेले रामकृष्ण गोपाळ भांडारकर १८८६ मध्यें व्हिएन्नाच्या प्राच्यविद्यापरिषदेस गेले, तें विद्यार्थी म्हणून नव्हे, बरोबरीचे विद्वान् म्हणून. त्यांच्या नांवानें पुण्यास निघालेल्या संस्थेंत महाभारताची चिकित्सित आवृत्ति सिद्ध झाली. तिचे प्रमुख संपादक सुखटणकर हे बर्लिनमध्यें शिकून आलेले होते, आणि तिच्या सभापर्वाचें संपादन एजर्टन या अमेरिकन पंडितानें केलें. महाभारत आपलें, पण त्याचा शुद्ध पाठ शोधण्याचें काम सर्वांचें होतें.

रत्नागिरी जिल्ह्यांतील मुर्डीचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ मध्यें केंब्रिजला सीनिअर रँग्लर झाले, हें प्रत्येक शाळकरी मुलास पूर्वीं ठाऊक असे. ते परत आले व १९०२ मध्यें फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले, हें मात्र आपण आतां फारसें सांगत नाहीं. त्याच जिल्ह्यांतील मुरूडच्या धोंडो केशव कर्व्यांच्या स्नुषा इरावतीबाई १९२८ मध्यें बर्लिनला गेल्या. यूजेन फिशर या त्यांच्या मार्गदर्शकाची कल्पना अशी होती कीं, कवटीच्या ठेवणींतील विषमतेचा वंशाशीं संबंध असावा. इरावतीबाईंनीं कवट्या मोजल्या व तसा संबंध दिसत नाहीं असें आपल्या प्रबंधांत लिहून टाकलें. पाहुणा यजमानास असें निर्भयपणें सांगूं शकतो, तेव्हांच विनिमयास अर्थ येतो. आज आपण मुलांस परदेशीं पाठवितों तें तेथल्या लोकांशीं वाद घालण्यासाठीं, कीं त्यांच्यांत बेमालूम मिसळून जाण्यासाठीं? याचें उत्तर प्रत्येक पालकानें मनाशीं द्यावें.

आतां कोणी म्हणेल, सरकारनें सोय करावी. सोयीची सुरुवात कागदावर तरी झालेली आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर २०२१ मध्यें श्रेयांकांची पेढी निघाली, आणि २०२२ मध्यें भारतीय व परदेशी विद्यापीठांनीं मिळून अभ्यासक्रम चालविण्याविषयींचे नियमही झाले. दार किलकिलें झालें आहे; पण उंबरठा ओलांडतो कोण? एक सत्र आसामांत किंवा केरळांत शिकून, तेथील श्रेयांक घेऊन परतलेला कोंकणांतील एक तरी विद्यार्थी वाचकांच्या ओळखीचा आहे काय? आमच्या ओळखीचा एकही नाहीं. महाविद्यालयांतून परदेशी संस्थांशीं सामंजस्य करार होतात, त्यांचीं छायाचित्रें छापून येतात, आणि चौकटींत बसविलेला करार प्राचार्यांच्या खोलींत भिंतीवर राहतो. गुवाहाटीची परीक्षा ज्यांना मान्य होत नाहीं, त्यांनीं गटिंगेनशीं करार करून काय साधावयाचें?

दुसरा आक्षेप आमच्या मास्तरांवर हंसणाऱ्यांचा : "रत्नागिरींत येऊन कोणी शिकावें असें आहे काय?" या प्रश्नाइतकी आत्मावमानना दुसरी नसेल. येथल्या सड्यांवर कातळांत कोरलेलीं प्राचीन शिल्पें आहेत. काशेळीचा तो प्रचंड हत्ती, उक्षी, जांभरूण, बारसू येथील आकृति, यांचा २०२२ मध्यें युनेस्कोच्या तात्पुरत्या यादींत समावेश झाला. त्या कोणीं, केव्हां व कां कोरल्या याचा शोध अजून चालू आहे. येथें ब्रह्मदेशचा पदच्युत राजा थिबा १८८६ पासून १९१६ मध्यें मरेपर्यंत बंदिवासांत होता. त्याचा राजवाडा उभा आहे, आणि ब्रह्मी भाषा जाणणारा इतिहासाचा विद्यार्थी मात्र येथें शोधून सांपडत नाहीं. शिरगांवास १९८१ पासून मत्स्यमहाविद्यालय आहे, दापोलीस १९७२ पासून कृषिविद्यापीठ आहे. हायडेलबर्गचे गुंथर सोंथायमर मराठी शिकून धनगरांबरोबर हिंडले व खंडोबाविषयीं आपणांसच नवें सांगून गेले. शिकण्यासारखें येथें काय आहे, हें परक्यांना दिसलें. आपण मात्र तें कधीं मांडून ठेवलें नाहीं, आणि परक्यास मराठी शिकविण्याची साधी सोयही या जिल्ह्यांत उभी केली नाहीं.

तिसरा आक्षेप पैशाचा. त्याचें उत्तर वर आलेंच आहे : फी माफीच्या बदल्यांत फी माफी, यास तिजोरी लागत नाहीं, परस्परांवर विश्वास लागतो. प्रश्न राहण्याचा. आणि येथें हा लेख सरकारकडून व विद्यापीठाकडून वळून आपल्या माजघरांत येतो. कोंकणांत आज घरें कमी नाहींत, घरांत माणसें कमी आहेत. गणपतीला आठ दिवस उघडून वर्षभर कुलूप लावलेलें घर प्रत्येक वाडींत आहे. तरीही बाहेरगांवचा विद्यार्थी खोली पाहावयास आला म्हणजे त्याचा विषय विचारण्यापूर्वीं आपण त्याचें आडनांव विचारतों, मग आहार विचारतों, आणि शेवटीं 'आमच्याकडे जागा नाहीं' असें गोड आवाजांत सांगतों. मणिपूरच्या मुलीस जें घर बंद आहे, तें जर्मन मुलीस मात्र कौतुकानें उघडेल, हें आम्ही जाणतों. आणि त्याचीच आम्हांस अधिक शरम वाटते. आपल्या मुलास म्यूनिचमध्यें खोली मिळाली नाहीं, घरमालकानें नांव ऐकून फोन ठेवला, असें ऐकलें कीं आपण वर्णद्वेषाच्या नांवानें संतापतों. तो संताप रास्त आहे. फक्त तो आपल्या ओटीवर उभा राहून करूं नये.

परके आले तर संस्कृति बिघडेल, असेंही एक भय कोणी बोलून दाखवितात. ज्या हापूसचा रत्नागिरीस एवढा अभिमान, त्याचें नांवच मुळीं अफोन्सो द आल्बुकर्क या पोर्तुगीजावरून आलेलें आहे, आणि त्याच्या कलमांची विद्या पोर्तुगीजांनीं गोव्यांत रुजविली. आपला साधा बागायतदारही जाणतो कीं, फांदी तोडून दूर पाठविली म्हणजे कलम होत नाहीं. एका झाडाची काडी दुसऱ्या झाडाच्या खुंटावर आणून बांधावी लागते, आणि दोहोंचा रस एक व्हावा लागतो. आपण इतकीं वर्षें फांद्याच पाठवीत आलों आहों.

तेव्हां आमच्या मागण्या थोड्या व साध्या आहेत. प्रत्येक महाविद्यालयानें दरवर्षीं दोन आंकडे शेजारीशेजारी छापावे : किती विद्यार्थी गेले, आणि किती आले. विद्यापीठांनीं परदेशाशीं करार करण्यापूर्वीं देशांतील निदान एका दूरच्या विद्यापीठाचें सत्र आपलें म्हणून मान्य करावें. आणि आपण वाचकांनीं, ज्यांचीं मुलें बाहेर आहेत अशांनीं तर विशेषेंकरून, रिकाम्या झालेल्या त्या खोलींत एका परमुलुखांतील विद्यार्थ्यास एक वर्ष ठेवून घ्यावें. जो मान आपल्या मुलास तिकडे मिळावा अशी आपली इच्छा आहे, तोच त्यास येथें द्यावा. अधिकही नको, उणाही नको.

सत्कार झालेला तो विद्यार्थी आतां जर्मनींत पोहोंचला असेल. तो तेथें यशस्वी व्हावा अशीच आमची इच्छा आहे. पुढच्या वेळीं असाच समारंभ होईल तेव्हां मास्तर पुनः मागच्या रांगेंत असतील, आणि तोच प्रश्न पुनः विचारतील. त्या वेळीं हंसण्याऐवजीं एखाद्यानें उठून, "आमच्याकडे येणार आहे," एवढें म्हटलें, तरी हा लेख लिहिल्याचें सार्थक झालें असें आम्ही समजूं.