अनामत रक्कम : भाडेकरूची ठेव की घरमालकाचे बिनव्याजी भांडवल?

बंगळूर शहरात भाड्याचे घर सोडताना अखेरच्या दिवशी जो हिशेब होतो, त्यातील एक आकडा बहुधा घर घेतानाच ठरलेला असतो. कुटुंब त्या घरात एक वर्ष राहिलेले असो वा सहा वर्षे, भिंतींवर मुलांनी रेघोट्या ओढलेल्या असोत वा भिंती निष्कलंक असोत, एका महिन्याचे भाडे ‘रंगकामापोटी’ अनामतीतून कापले जाते. त्यानंतर घरमालकाची नजर खिळ्यांच्या भोकांकडे, फरशीवरील डागाकडे आणि सैल झालेल्या नळाकडे वळते. मुंबई-पुण्यात कपातीचे प्रमाण निराळे असेल, दिल्लीत तिची नावे निराळी असतील, रीत एकच. घरमालक रकमा सांगतो, भाडेकरू ऐकून घेतो. सामान टेंपोत चढलेले असते, नव्या घराची अनामत भरायची असते, आणि कापलेल्या पैशातून रंगारी खरोखरच आला की नाही हे पाहायला जुना भाडेकरू तेथे नसतोच.

या प्रश्नाला किरकोळ समजण्याची प्रवृत्ती कामगार चळवळीतही आढळते. पगारातील शंभर-दोनशे रुपयांच्या वाढीसाठी महिनोन्‌महिने वाटाघाटी करणारा कर्मचारी घर सोडताना वीस हजार रुपये गमावतो आणि ते नशिबाच्या खाती टाकतो. वस्तुतः ही रक्कम त्याच्या वेतनातूनच आलेली असते. कारखान्याच्या दारात मिळवलेले वेतन घराच्या दारात परत काढून घेतले जाते, एवढाच काय तो फरक.

कपातीच्या आधी खुद्द अनामतीचाच हिशेब पाहणे आवश्यक आहे. बंगळूरमध्ये दहा महिन्यांच्या भाड्याइतकी अनामत मागण्याची प्रथा दीर्घकाळ रूढ आहे. महिना वीस हजार रुपये भाडे असेल, तर दोन लाख रुपये घरमालकाच्या हाती जातात आणि भाडेकरू राहील तितकी वर्षे ते बिनव्याजी राहतात. मुंबईत तर ‘हेवी डिपॉझिट’ या नावाने मोठी रक्कम एकदाच घ्यायची आणि मासिक भाडे नाममात्र ठेवायचे, किंवा मुळीच ठेवायचे नाही, असाही व्यवहार चालतो. घरमालकांना या पैशाची किंमत पुरेपूर ठाऊक आहे, याचा याहून स्पष्ट कबुलीजबाब कोणता?

शासनालाही ती ठाऊक आहे. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स कराराचे मुद्रांक शुल्क काढताना परत करावयाच्या अनामतीवर दरसाल दहा टक्के व्याज धरले जाते आणि ते भाड्यात मिळवून त्या बेरजेवर शुल्क आकारले जाते. म्हणजे अनामत वापरणाऱ्याला तिच्यापासून दहा टक्के लाभ होतो हे शासनाने आपल्या तिजोरीपुरते मान्य केले आहे. ज्याचा पैसा आहे त्याला मात्र एक पैसाही व्याज द्यावे असे कोणी म्हणत नाही. हाच दहा टक्क्यांचा दर दहा महिन्यांच्या अनामतीला लावला, तर दरसाल बरोबर एका महिन्याचे भाडे होते. बंगळूरचा भाडेकरू वर्षाला बारा नव्हे, तेरा महिन्यांचे भाडे भरतो. आणि जाताना रंगाचा चौदावा महिना देतो.

आता कपातीकडे वळावे. घर वापरले की झिजते. उन्हाने रंग विटतो, दाराची कडी ढिली होते, पाणी पडून पडून न्हाणीघरातील फरशी काळवंडते. ही झीज म्हणजे नुकसान नव्हे. तिची भरपाई दरमहा भाड्यातून होतच असते. भाडे हे वापराचेच मोल होय. हा विचार काही समाजवादी नाही. ब्रिटिश राजवटीतील १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानेही तो मान्य केला आहे. त्या कायद्याच्या कलम १०८ नुसार भाडेपट्टेदाराने मालमत्ता ताब्यात मिळाली त्या स्थितीत परत करावयाची असते, परंतु वाजवी झीज आणि अटळ आपत्ती यांमुळे झालेले बदल त्यातून वगळलेले आहेत. एकाच भिंतीला वर्षानुवर्षे भाडे घ्यायचे आणि तिचा रंग उडाला म्हणून पुन्हा वसुली करायची, याला एकाच मालाचे दोनदा पैसे घेणे असे सरळ नाव आहे.

मात्र आजचा शहरी भाडेकरू बहुधा ‘भाडेपट्टेदार’ नसतोच. त्याच्या हाती अकरा महिन्यांचा ‘परवाना’ असतो. परवानेदाराची व्याख्या त्याच वर्षीच्या सुखाधिकार कायद्यात आहे, आणि भाडेपट्टेदाराला मिळणारे कलम १०८ चे संरक्षण त्याला आपोआप मिळत नाही. वाजवी झिजेचे वाक्य पुष्कळ छापील करारांत असते हे खरे. पण वाजवी काय हे ठरवणारा माणूस तोच, ज्याच्या खिशात पैसे आहेत. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ याच्या कलम २४ प्रमाणे मुदत संपल्यावर घर रिकामे न करणाऱ्या परवानेदाराकडून दुप्पट शुल्क वसूल करता येते, लेखी करार हा निर्णायक पुरावा मानला जातो, आणि घरमालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊन झटपट ताबा मिळवता येतो. भाडेकरूची अनामत अडकली तर त्याच्यासाठी असा झटपट मार्ग नाही. त्याने दिवाणी दावा लावावा, वकील द्यावा, तारखा मोजाव्यात. वीस हजारांसाठी असे कोण करील, हे गणित घरमालकाने आधीच मांडलेले असते.

ही स्थिती आकाशातून पडलेली नाही. १९१५ साली ग्लासगोमध्ये युद्धकाळातील भाडेवाढीविरुद्ध मेरी बार्बर यांच्यासारख्या कामगार स्त्रियांच्या नेतृत्वाखाली हजारो कुटुंबांनी भाडे रोखून धरले, गोदी-कारखान्यांतील कामगार त्यांच्या पाठीशी उभे राहिले, आणि ब्रिटिश सरकारला त्याच वर्षी भाडे गोठवणारा कायदा करावा लागला. मुंबईत असा पहिला कायदा १९१८ मध्ये आला. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने चाळींतील कामगाराला पाय रोवायला जागा दिली. घरमालकांनी ‘परवान्या’ची पळवाट काढली, तेव्हा १ फेब्रुवारी १९७३ रोजी ताब्यात असलेल्या परवानेदारांना संरक्षित भाडेकरूचा दर्जा देऊन ती पळवाट एकदा बुजवण्यात आली. पुढे १९९९ च्या कायद्याने तीच वाट राजरोस हमरस्ता बनवली. दिल्लीत १९८८ च्या दुरुस्तीने महिना ३,५०० रुपयांवरील भाडी कायद्याच्या कक्षेबाहेर काढली. कर्नाटकच्या १९९९ च्या कायद्यातही बंगळूरसाठी हीच मर्यादा घातली गेली. आज त्या भाड्यात या शहरांत धड एक खोलीदेखील मिळत नाही. कायदा पुस्तकात शिल्लक राहिला, भाडेकरू बाहेर गेला.

भांडवलशाही देशांतही याहून वेगळे करता येते, हे इंग्लंडच्या उदाहरणावरून दिसते. तेथील घरांत भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा अंथरलेला असतो, आणि घर सोडताना त्यावरील डाग, चुरगळलेले धागे वा इस्त्रीचा चटका हे कपातीचे नेहमीचे निमित्त असते. भाडेकरूंच्या दीर्घ तक्रारींनंतर २००४ च्या गृहनिर्माण कायद्याने अनामत मान्यताप्राप्त संरक्षण योजनेखाली आणणे बंधनकारक केले आणि एप्रिल २००७ पासून ते अमलात आले. घरमालकाने मुदतीत तसे केले नाही, तर अनामतीच्या एक ते तीन पट दंड न्यायालय ठोठावू शकते. २०१९ च्या कायद्याने सर्वसाधारण घरांसाठी अनामतीवर पाच आठवड्यांच्या भाड्याची मर्यादा घातली. मुख्य गोष्ट अशी की, तंटा झाल्यास ही रक्कम भाडेकरूचीच आहे असे गृहीत धरले जाते. ती का मिळावी हे घरमालकाने सिद्ध करावयाचे असते. घर देतानाची नोंद कोठे आहे, गालिचा किती वर्षांचा होता, त्याचे आयुष्य किती, असे प्रश्न विचारले जातात. हजार पौंडांचा, दहा वर्षे टिकणारा गालिचा सहा वर्षे वापरला गेला असेल, तर तो पूर्ण जळाला तरी घरमालकाला चारशे पौंडांच्या आसपासच मागता येतात. जुन्याच्या बदल्यात कोरा गालिचा भाडेकरूच्या खर्चाने मिळत नाही. इंग्लंडमधील भाडी गगनाला भिडलेली आहेत आणि तेथील भाडेकरू सुखात आहे असे मुळीच नव्हे. पण गालिचाचे वय विचारणारे कोणीतरी तेथे आहे. आपल्याकडे रंगाचे वय कोणी विचारत नाही.

आपल्या कायद्यात आधार अगदीच नाही असेही नाही. १८७२ च्या करार कायद्याचे कलम ७४ कराराच्या भंगासाठी वाजवी भरपाईपुरतीच मुभा देते. कैलाशनाथ असोसिएट्स विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली निर्वाळा दिला की, हानी झालीच नसेल तर या कलमाखाली भरपाईही नाही. तो खटला भूखंडाच्या लिलावातील बयाण्याचा होता. तथापि त्यातील तत्त्व घराच्या अनामतीलाही लागू पडते. ठरावीक एक महिन्याची रंगकपात, प्रत्यक्ष नुकसान न पाहता केलेली, या कसोटीवर टिकणे कठीण आहे.

केंद्र सरकारने जून २०२१ मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरार कायद्याविषयी डाव्या चळवळीने आक्षेप घ्यावेत हे योग्यच आहे. भाडे किती असावे हे त्याने सर्वस्वी बाजारावर सोडले. मुदतीनंतर राहणाऱ्याला प्रथम दुप्पट आणि दोन महिन्यांनंतर चौपट भाड्याचा दंड ठेवला. दिवाणी न्यायालयाचे दार बंद केले. परंतु त्याच कायद्यात निवासी घरासाठी अनामतीची मर्यादा दोन महिन्यांची आहे, आणि त्याच्या परिशिष्टात भिंतींची रंगसफेदी व दारे-खिडक्यांचे रंगकाम ही घरमालकाची जबाबदारी म्हणून नोंदवली आहे. घरबांधणीतील खासगी भांडवलाला उत्तेजन देण्यासाठी लिहिलेल्या मसुद्यालादेखील रंगाचा खर्च भाडेकरूवर टाकणे जमले नाही! घरमालक-भाडेकरू संबंध हा राज्यांच्या अखत्यारीतील विषय असल्याने मोजक्याच राज्यांनी या धर्तीवर कायदे केले. या दोन तरतुदी विरोधाच्या आवेशात फेकून देण्याऐवजी त्या वेगळ्या काढून प्रत्येक राज्यात त्यांची मागणी करणे अधिक शहाणपणाचे ठरेल.

येथे एक आक्षेप नेहमी पुढे येतो आणि तो टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. सर्वच घरमालक धनदांडगे नसतात. निवृत्त शिक्षिका, गिरणीतून बाहेर पडलेला कामगार, विधवा स्त्री अशी कितीतरी माणसे एका खोलीच्या भाड्यावर गुजराण करतात. आणि काही भाडेकरू वीजबिले थकवून, दारे मोडून निघून जातात, हेही खरे. अशा माणसाला नुकसानीचे पैसे मिळू नयेत असे कोणीही म्हणणार नाही. पण अनामत तिसऱ्या, विश्वासार्ह ठिकाणी ठेवली गेली, तर खरे नुकसान झालेल्या गरीब घरमालकाचे त्यात काय बुडते? बुडते ते फक्त बिनव्याजी भांडवल आणि मनमानी कपात. शिवाय छोट्या घरमालकाच्या अडचणीचे नाव पुढे करून ज्यांचे हित जपले जाते, त्यांत अनेक सदनिका बाळगणारे गुंतवणूकदार आणि दोन्हीकडून दलाली घेणारे मध्यस्थ यांचाच भरणा मोठा आहे.

सर्वांत अधिक मार बसतो तो घर मिळणेच ज्यांना दुरापास्त आहे त्यांना. मुसलमान, दलित, एकट्या राहणाऱ्या स्त्रिया, परप्रांतातून आलेले मजूर यांना दहा दारे बंद झाल्यावर अकरावे उघडते. तेथे ते करारातील कलमांवर वाद घालू शकत नाहीत, आणि निघताना भांडण केले तर पुढच्या घरमालकाकडे चुगली जाईल या धास्तीने गप्प बसतात. बंगळूर, हैदराबाद, बडोदा, इंदूर येथे नोकरीनिमित्त गेलेल्या मराठी भाडेकरूंना परकेपणाची थोडीबहुत झळ ठाऊक आहे. मुंबई-पुण्यातील परप्रांतीय भाडेकरूच्या बाबतीत ती त्यांनी आठवावी.

चळवळीनेही स्वतःकडे पाहिले पाहिजे. चाळींतील जुन्या भाडेकरूंसाठी कम्युनिस्ट कार्यकर्ते लढले, तो इतिहास अभिमानाचा आहे. पण अकरा महिन्यांचा परवानेदार कोणत्याच संघटनेच्या वहीत नाही. तो दर दोन वर्षांनी वस्ती बदलतो, मतदारयादीत त्याचे नाव दुसरीकडे असते, म्हणून वस्तीतील शाखेला तो आपला वाटत नाही. ज्या कामगार संघटनांत हाच माणूस सभासद आहे, त्यांनी घरभाड्याचा प्रश्न कामाच्या ठिकाणाहूनच हाती घेण्यास हरकत कोणती? घर घेताना प्रत्येक खोलीच्या स्थितीची छायाचित्रांसह नोंद आणि तीवर दोघांच्या सह्या, अनामत बँकेमार्फतच, प्रत्येक कपातीला पावती, हे नमुने संघटनेच्या कार्यालयात छापून ठेवता येतील. महाराष्ट्रापुरते आणखी एक कलम प्रत्येक कार्यकर्त्याला पाठ असावे. १९९९ च्या कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी करून त्याची नोंदणी करणे ही घरमालकाची जबाबदारी आहे, ती टाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद वा पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि असा नोंदणीकृत करार नसेल तर भाड्याच्या अटींविषयी भाडेकरू जे सांगेल तेच, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. नोंदणीचे चार पैसे वाचवण्यासाठी साध्या कागदावर सही घेणाऱ्या घरमालकांना या कलमाची आठवण अद्याप फारशी कोणी करून दिलेली नाही.