दुरून टिपलेली माणसे

रस्त्यावरील छायाचित्रण ही शिकण्याची विद्या नव्हे, तो रिकामटेकड्यांचा उद्योग आहे, असे मत आपल्या जुन्या मराठी घरांतून अद्याप मोठ्या आत्मविश्वासाने मांडले जाते. मुलांना भर बाजारात नेऊन छायाचित्रणाचे धडे द्यावेत, अशी सूचना आम्ही इंदुरातील एका बैठकीत केली, तेव्हा ‘त्यात शिकवायचे काय? कळ दाबली की झाले’ असे उत्तर मिळाले. हे उत्तर आम्हांस मान्य नाही.

लाला दीनदयाळ (१८४४–१९०५) हे इंदुरात सार्वजनिक बांधकाम खात्यात नकाशे काढणारे नोकर होते. १८७४ च्या सुमारास त्यांनी याच शहरात कॅमेरा हाती घेतला आणि पुढे ते हैदराबादेत निजामाचे छायाचित्रकार झाले. तेव्हा कचेरीतल्या माणसाला ही विद्या शोभत नाही, असे निदान आम्हां इंदूरकरांनी तरी म्हणू नये. त्या काळी काचेच्या जड पट्ट्या आणि तिपाई घेऊन हिंडावे लागे. त्यामुळे दरबार टिपला गेला, चालता बाजार निसटला. १९२५ साली लायकाचा हातात मावणारा कॅमेरा विक्रीस आला आणि ती सबब संपली.

आपली सबब मात्र संपली नाही. आमच्या घरचे आल्बम आम्ही पुन्हा चाळले. मुंज, लग्न, स्टुडिओतला रंगवलेला पडदा, खुर्चीवर बसलेले आजोबा. ज्या राजवाड्यासमोरून आमच्या पिढ्यान्‌पिढ्या गेल्या, तेथला हमाल नाही, फुलवाली नाही. १९८४ साली राजवाड्यास आग लागली. १९९१ साली हुकुमचंद मिल बंद पडली. पाळी सुटल्यावर मिलच्या दारातून बाहेर पडणारा लोंढा आम्ही कितीदा पाहिला, पण त्याचे एकही चित्र आमच्याजवळ नाही. ज्या शहराला आपण ‘आपले’ म्हणतो, ते आपल्या आल्बमात नसावे, याची खंत कोणास वाटते काय?

आता शिकवायचे काय, ते सांगतो. पस्तीस मिलिमीटरची काच लावावी, छिद्र एफ-८ वर ठेवावे, अंतर दहा फुटांवर बांधून टाकावे. मग साधारण साडेसहा फुटांपासून वीस-बावीस फुटांपर्यंतचे सारे स्पष्ट येते आणि डोळा माणसांकडे मोकळा राहतो. चालत्या माणसासाठी सेकंदाचा अडीचशेवा भाग पुरतो. आज मोबाइल हे सारे आपसूक करतो. पण कोठे उभे राहावे, केव्हा थांबावे आणि केव्हा हात आवरावा, हे तो सांगत नाही. शिकवायचे ते हेच.

हे आम्ही स्वतःच्या चुकीतून शिकलो. निवृत्तीनंतर लांब पल्ल्याची भारी काच घेतली आणि सराफ्यातील एका ओळखीच्या माडीवर उभे राहून खालची गर्दी टिपू लागलो. धीर नव्हता, त्यास आम्ही ‘सभ्यता’ म्हणत होतो. खाली भाजी विकणाऱ्या एका म्हातारीने वर पाहिले आणि म्हणाली, ‘बाबूजी, दूर से क्या देखते हो? पास आ जाओ.’ आम्ही शरमेने खाली उतरलो. त्या दिवशीची वरून काढलेली सारी चित्रे पुढे टाकून दिली. त्यांत डोकी होती, माणसे नव्हती. तिच्याजवळ बसून, तिला विचारून काढलेले एक तेवढे ठेवले आहे. त्याची प्रत तिला नेऊन दिली.

दुसरा दोष तरुणांचा. पदपथावर निजलेला माणूस, रडणारी बाई, उघडे मूल दिसले की यांचे मोबाइल वर होतात. जो स्वतः ‘नको’ म्हणू शकत नाही, त्याचे चित्र घेणे ही कला नव्हे, ती उचलेगिरी आहे. पण हे मुलांना सांगणार कोण? वडीलधारे माडीवर बसून नाके मुरडणार आणि मुले रस्त्यावर मोकाट, अशी आजची स्थिती आहे. वर्गास विरोध करणाऱ्यांनी या उच्छृंखलतेची अर्धी जबाबदारी स्वतःकडे घ्यावी.

आमची सूचना आम्ही मागे घेत नाही. रविवारी सकाळी राजवाड्याच्या चौकात चार मुले घेऊन उभे राहावे. पहिला तास कॅमेरा पिशवीतच ठेवावा. नुसते पाहावे, बोलावे, ओळख करून घ्यावी. मग एकच चित्र घ्यावे आणि पुढच्या रविवारी त्याची प्रत ज्याची त्याला द्यावी. कोणी येवो न येवो, आम्ही तेथे असू.