'मम्' आणि 'मौन' : एका बनावट नात्याविषयी

इंग्रजीत गप्प बसण्याला 'कीप मम्' म्हणतात. गुपित राखायचे ठरले की 'मम्स द वर्ड'. यातला 'मम्' म्हणजे आपले 'मौन'च, असे आमच्याच क्षेत्रातील काही मंडळी वर्गात आणि चर्चासत्रांत ठणकावून सांगतात. टाळ्याही मिळतात. आमचा विरोध या टाळ्यांना आहे.

'मौन' हा शब्द 'मुनि'पासून तद्धित प्रत्ययाने सिद्ध होतो. मुनीचा भाव, मुनीचे व्रत ते मौन. 'मम्'ला असे कुळ नाही. मिटल्या ओठांनी जो हुंकार काढता येतो, त्याचे ते अनुकरण. विल्यम लँगलंडच्या 'पिअर्स प्लाउमन' या चौदाव्या शतकातील काव्यात, पैसा दिसल्याखेरीज वकिलांच्या तोंडून 'मम्'सुद्धा निघत नाही, अशा आशयाचा टोला आहे. म्हणजे तेथे 'मम्' हे मौन नव्हेच. मौन मोडणारा तो क्षीणतम आवाज आहे. मराठीतला 'ब्र' नेमके हेच काम करतो. शेक्सपिअरच्या 'सहावा हेन्री'च्या दुसऱ्या भागात मात्र हाच 'मम्' ओठ मिटून गप्प राहण्याचा अर्थ घेऊन येतो. नकारासोबत वावरणाऱ्या शब्दाने नकारच पोटात घेतला, ही अर्थपरिवर्तनाची खरी गंमत. 'मौना'शी सोयरीक जुळवली की तीच हातची जाते.

दुसरी दंतकथा 'मम्' म्हणजे आई अशी. आईवाचक 'मम्' त्या मानाने फार अलीकडचा. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सरकारने 'बी लाइक डॅड, कीप मम्' असे भित्तिपत्रक काढले. 'वडिलांसारखे गप्प राहा' आणि 'वडिलांसारखे आईला पोसा' असा तो श्लेष. घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा हा अपमान आहे, असा आक्षेप एडिथ समरस्किल यांनी ब्रिटिश संसदेत घेतला होता. श्लेष हा श्लेष असतो. त्याला व्युत्पत्ती मानणे हा अडाणीपणा.

यात कोणाचे काय बिघडते, असे विचारले जाईल. बिघडते ते विद्यार्थ्याचे. ध्वनिसाम्य पुरेसे आहे असे एकदा शिकलेला विद्यार्थी कृ. पां. कुलकर्णी यांचा 'मराठी व्युत्पत्ति कोश' कशाला उघडेल? आणि बिघडते ते मराठीचेही. परभाषेतील शब्दांवर मालकी सांगण्याच्या हौसेत आपले धन धूळ खात पडते. मिठाची गुळणी तोंडात धरली की बोलता येत नाही, हे सहज कळते. पण मूग गिळून बसण्यात मूगच का? 'अळीमिळी गुपचिळी'त अर्थ किती आणि नाद किती? हे प्रश्न आपल्या किती वर्गांत विचारले जातात?

भाषेचा अभिमान जरूर असावा. तो पुराव्याच्या पायावर असावा. पुरावा नसेल तेथे अध्यापकाने 'ठाऊक नाही' एवढे म्हणावे. त्याने मराठीची मानहानी होत नाही. खोट्या व्युत्पत्तीने होते.